पावसात घाट चढताना गाडी मिसिंग मारते, गॅरेजमध्ये मात्र काहीच सापडत नाही – मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,
गाडी २०१६ची पेट्रोल हॅचबॅक, १.२ लिटर, चार सिलिंडर, ७४,००० किमी. आम्ही चिपळूणचे. बाबांना दर महिन्याला हृदयाच्या तपासणीसाठी कराडला न्यावं लागतं, त्यामुळे कुंभार्ली घाट चुकत नाही.

पोफळी सोडून चढ लागला, तिसऱ्या गिअरला १,८०० आरपीएमच्या आसपास पाय दाबला, की गाडी झटके मारते. पिकअप पार जातो आणि चेक इंजिनचा दिवा उघडझाप करतो. दुसऱ्यावर घेऊन हळू चढवली की थांबतं. सपाटीला आणि आयडलिंगला एकदम सुरळीत. आणि हे फक्त पावसात. मे महिन्यात याच घाटात चार फेऱ्या झाल्या, एकदाही त्रास नाही.

थ्रॉटल बॉडी, इंजेक्टर साफ केले, एअर फिल्टर बदलला. मेकॅनिक भला माणूस, दोनदा सोबत आला, पण दोन्ही वेळा ऊन होतं. आता तो फ्युएल पंप बदलून बघू म्हणतोय. नुसत्या अंदाजावर एवढा खर्च करायला मन घेत नाही. स्कॅनरवर कोड पी ०३०२ आहे (म्हणजे दोन नंबरच्या सिलिंडरमध्ये मिसिंग), त्या क्षणी इंजिनवरचा लोड ८४ टक्के, इंजिन पूर्ण तापलेलं.

मागच्या खेपेला मागे ट्रक, बाजूला दरी, आणि बाबा दाराची मूठ धरून गप्प बसलेले. पुढची तारीख दोन आठवड्यांवर आहे. सुरुवात कुठून करू?

प्रतिसाद:
दादा, पंपाला एवढ्यात हात लावू नका. पंप कमजोर असता तर चारही सिलिंडरना पेट्रोल कमी पडलं असतं, तुमचा कोड एकट्या दोन नंबरचा आहे. ओलावा आणि लोड एकत्र आले की आधी कॉईल बघायची, म्हणजे प्लगला ठिणगीसाठी व्होल्टेज पुरवणारा भाग. लोडवर सिलिंडरमधला दाब वाढतो, ठिणगी पडायला जास्त व्होल्टेज लागतं, आणि बुटाला (कॉईलच्या प्लगवर बसणाऱ्या रबरी नळीला) चीर असेल तर करंट तिथूनच बाहेर पळतो. दोन आणि तीन नंबरच्या कॉईल अदलाबदल करा, प्लग जागचे हलवू नका. कोड ०३०३ झाला तर कॉईल गेली. ०३०२च राहिला तर प्लग, मग इंजेक्टर, मग कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) तपासा. आणि दिवा उघडझाप करत असताना ॲक्सिलरेटर अजिबात रेटू नका. न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (सायलेन्सरच्या वाटेवर धूर साफ करणाऱ्या भागात) जाऊन पेटतं आणि तोही निकामी होतो. गाडी झाडाखाली असते का? वायपरखालची जाळी उघडून बघा.

धागाकर्ता:
मनापासून आभार! अदलाबदल करून भर पावसात एकटाच घाट चढलो. कोड ०३०३! घरी येऊन ती कॉईल काढली, तर बुटाच्या आतून केसाएवढी काळी रेघ. बॅटरी मारून बघितलं, तर दोन नंबरच्या प्लगच्या पांढऱ्या सिरॅमिकवरही तशीच रेघ, आणि प्लग बसतो त्या खोबणीत तळाला तांबूस पाणी. गाडी आंब्याखाली असते. जाळीखाली कुजलेल्या पानांचा लगदा होता, निचऱ्याचं भोक पूर्ण बुजलेलं. तांब्याने पाणी ओतलं, तर धार थेट दोन नंबरवर. पानं काढली, नवी कॉईल आणि चार प्लग सांगितलेत.

एकच विचारायचं राहिलं: प्लग खोलण्याआधी खोबणीतलं पाणी हवेच्या प्रेशरने उडवून घ्यायचं ना? ते सिलिंडरमध्ये उतरेल अशी भीती वाटते, म्हणून अजून पान्याला हात लावलेला नाही.