दोन बॅटऱ्यांच्या सर्किटमध्ये एक करंट उणे येतोय. बाण उलटा करून परत सोडवायचं का?

अर्धाओहम:
भौतिकशास्त्र, पहिलं वर्ष. मोबाइलवरून टाइप करतोय, त्यामुळे आकृती शब्दांतच. वर जंक्शन अ, खाली जंक्शन ब, मध्ये तीन फांद्या. डावीत १२ व्होल्टची बॅटरी आणि ४ ओहम. उजवीत ६ व्होल्टची बॅटरी आणि २ ओहम. मधल्या फांदीत नुसता १२ ओहम. दोन्ही बॅटऱ्यांचं धन टोक अ कडे, अंतर्गत रोध नाही. तिन्ही करंट काढायचे आहेत. आय१ (डावीतला) आणि आय२ (उजवीतला) वर जाताना धरलेत, आय३ मधल्या फांदीतून खाली.

आधी डावा लूप, उजवा लूप आणि बाहेरून फिरणारा मोठा लूप अशी तीन समीकरणं मांडली. शेवटी हातात ० = ०. मग मोठा लूप सोडून जंक्शनचं समीकरण घेतलं, तर आय१ = १.२, आय३ = ०.६ आणि आय२ = −०.६ अँपिअर. बॅटरीतून उणे करंट कसा निघेल? म्हणून आय२ चा बाण उलटा केला, जंक्शनला आय१ = आय२ + आय३ लिहिलं आणि पुन्हा सोडवलं. आता आय१ आणि आय२ दोन्ही ३, आणि मधल्या रोधातून चक्क शून्य!

वर मित्र म्हणतो, ४ आणि २ समांतर धर, दोन ओळींत होतं. त्याचा आय३ पण ०.६ च आला. पण ते समांतर आहेत कुठे?

तारेवरची_कसरत:
अरे, −०.६ हेच उत्तर आहे. तुझं दुसऱ्या प्रयत्नातच झालं होतं.

बाण म्हणजे फक्त 'या दिशेला धन म्हणायचं' असं आपण ठरवलेलं. खरा करंट तिकडेच जातो असा दावा त्यात नसतो. उणे आलं की समजायचं, खरा करंट उलट दिशेने ०.६ आहे. मी प्रयोगशाळेत मुलांना बाण पेनाने काढायला लावतो, पेन्सिलने नाही, ते एवढ्यासाठीच.

तुझा ३, ३, ० कुठून आला ते बघ. बाण उलटा केल्यावर जंक्शनचं समीकरण बदललंस, पण उजव्या लूपचं ६ − २×आय२ − १२×आय३ = ० तसंच ठेवलंस. म्हणजे लूपमध्ये आय२ वर चाललाय आणि जंक्शनवर तोच खाली. बदलायचंच होतं तर तिथेही अधिक २×आय२ करायला हवं होतं. तेव्हा आय२ = +०.६ आला असता, खाली जाणारा. म्हणजे तेच उत्तर, वर दुप्पट मेहनत.

० = ० ची भानगड सोपी आहे. डाव्या लूपच्या समीकरणातून उजव्याचं वजा कर, मोठ्या लूपचंच समीकरण मिळतं. त्यात नवीन माहिती काहीच नाही. तसंच अ चं समीकरण लिहिल्यावर ब चं लिहून उपयोग नाही.

आता खरी गंमत. आय२ उणे येणार हे समीकरणं न मांडताही सांगता येतं. उजवी फांदी क्षणभर तोडून टाक. उरले १२ व्होल्ट, ४ ओहम आणि १२ ओहम, एकसर. अ वर ब च्या तुलनेत १२ × १२/१६ = ९ व्होल्ट. तिथे आता ६ व्होल्टची बॅटरी जोडली तर करंट ९ कडून ६ कडेच जाणार, म्हणजे बॅटरीच्या धन टोकातून आत. ती बॅटरी चार्ज होतेय. (आकृतीत चालतं, चार्ज न होणारे साधे सेल घेऊन असलं जोडू नये.) पटत नसेल तर ६ च्या जागी ९ घालून बघ.

आणि पडताळा पॉवरने घे, उत्तरतालिकेने नको. १२ ची बॅटरी देते १२ × १.२ = १४.४ वॅट. ४ ओहममध्ये ५.७६, २ ओहममध्ये ०.७२, १२ ओहममध्ये ४.३२ आणि ६ च्या बॅटरीत साठतात ३.६. बेरीज कर.

किरचॉफने हे लूपचे आणि जंक्शनचे नियम १८४५ मध्ये मांडले तेव्हा तोही विद्यार्थीच होता, एकवीस वर्षांचा. तेव्हा घाबरायचं कारण नाही.

शॉर्टसर्किट:
मित्राचं मी सांगते. तुझी शंका बरोबर आहे, मूळ सर्किटमध्ये ४ आणि २ समांतर नाहीत. समांतर म्हणायचं तर दोघांची दोन्ही टोकं सामाईक लागतात. यांचं फक्त अ कडचं एक टोक सामाईक आहे, दुसरी टोकं वेगवेगळ्या बॅटऱ्यांना. (आणि ४ व १२ एकाच लूपमध्ये दिसतात म्हणून त्यांना एकसर धरू नकोस, मध्ये अ वर फाटा आहे. दादांनी धरले ते उजवी फांदी तोडल्यावर.)

मित्राने बहुतेक थेवेनिनची पद्धत वापरलीय: १२ ओहम सोडून बाकी सगळ्याच्या जागी एक बॅटरी आणि एक रोध धरायचा. १२ ओहम बाजूला काढायचा, बॅटऱ्यांच्या जागी नुसती तार कल्पायची. आता ४ आणि २ ची दुसरी टोकंही ब ला आली, म्हणजे खरोखर समांतर: ४/३ ओहम. मग बॅटऱ्या परत ठेवून अ चं व्होल्टेज काढायचं. एकूण ६ ओहममधून (१२ − ६)/६ = १ अँपिअर, म्हणून १२ − ४ = ८ व्होल्ट. शेवटी आय३ = ८ भागिले (४/३ + १२) = ०.६. पण यातून आय१, आय२ थेट मिळत नाहीत, मित्राला ते विचार.

तिन्ही हवे असतील तर मी अ चं व्होल्टेज व्ही धरते: (१२ − व्ही)/४ + (६ − व्ही)/२ = व्ही/१२. एकच अज्ञात, व्ही = ७.२. बाकी तोंडी.

अर्धाओहम:
पॉवरची बेरीज बरोबर १४.४ आली. ९ घातल्यावर आय२ शून्य, आणि १० घातल्यावर अधिक ०.२! मित्राला आय१ विचारला, तो अजून 'टायपिंग' दाखवतोय.

पुढच्या गणितात पाच रोधांचा ब्रिज आहे (दोन समांतर वाटांवर दोन-दोन रोध, आणि त्या वाटांचे मधले बिंदू जोडणारा पाचवा). तिथे मधल्या रोधातला करंट कुठे जातो हे आधी कसं ओळखायचं?

तारेवरची_कसरत:
तसंच. मधला रोध काढ, दोन्ही टोकांचं व्होल्टेज काढ, जास्तीकडून कमीकडे. सारखं आलं तर तो रोध परत लावायची गरजच नाही.