क्रिकेट ०७ च्या पॅच ग्रुपमध्ये रोस्टरची जबाबदारी घेऊ का? आणि हे ग्रुप आपल्याला एवढे जवळचे का वाटतात?

बॅट_स्टिकरवाला, डोंबिवली

मंडळी, प्रश्न जरा लांब आहे पण वाचा. ईए स्पोर्ट्सचा क्रिकेट ०७ आठवतोय ना? २००६ च्या शेवटी आला आणि त्यानंतर ईएने पीसीसाठी क्रिकेटचा गेमच काढला नाही. आयपीएल सुरू झाली २००८ ला, म्हणजे मूळ गेममध्ये ती असायचा प्रश्नच नाही, आणि आपल्या टीमच्या प्लेअर्सची नावंसुद्धा खरी नव्हती कारण लायसन्स नव्हतं. तरी आजपण पोरं त्यात आयपीएल खेळतात, कारण कोणीतरी बसून जर्सी, बॅट, स्टेडियम, स्कोअरबोर्ड सगळं बदलतं आणि पॅच काढून फुकट देतं. मी त्यांच्यातलाच. आमचा छोटा ग्रुप आहे, मी बॅटचे स्टिकर आणि जर्सी करतो, ऐरोलीहून घरी आलो की जेवण झाल्यावर बसतो.

आता झालंय असं की आमच्यात जो दादा रोस्टर सांभाळतो (मालाडचा आहे, प्रत्यक्ष एकदाच भेटलोय) त्याला बाळ झालंय आणि तो म्हणतो आता तू घे. रोस्टर म्हणजे नुसती नावं नाहीत, ऑक्शन झालं की कोण कुठल्या टीमला गेला, कोण डावखुरा, कोण ऑफस्पिन टाकतो, कोणाला बॅटिंगचे किती पॉइंट द्यायचे, आणि हे सगळं पहिल्या मॅचच्या आत, कारण सीझन सुरू झाल्यावर आलेल्या पॅचला कोण विचारतंय.

आई विचारते पैसे मिळतात का, नाही म्हटलं की गप्प बसते. पण दादाने विचारलं तेव्हा खरंच छाती भरून आली, ऑफिसात प्रमोशन झालं तेव्हापण एवढं वाटलं नव्हतं. असं का होत असेल? तुम्ही जे असल्या फॅन लोकांनी चालवलेल्या गेममध्ये आहात त्यांना त्यातून नक्की काय मिळतं? आणि घेऊ का मी हे?

गल्ली_यॉर्कर, भांडुप

भावा मी काही बनवत नाही, नुसता खेळतो, पण उत्तर द्यायचा हक्क आहे असं समजतो 🙂 माझ्याकडे अजून जुनाच पीसी आहे, नवीन क्रिकेट गेमला ग्राफिक्स कार्ड लागतं ते माझ्याकडे नाही, त्यामुळे तुमच्यासारख्यांनी पॅच बंद केले तर माझं क्रिकेट २००६ मध्येच थांबलं असतं. २०११ च्या वर्ल्डकपसाठी वानखेडे नवीन झालं, ते वरचं पांढरं छत, तेपण कोणीतरी बनवून टाकलं होतं, आणि मी पहिल्यांदा लोड केलं तेव्हा गेम न खेळता नुसता कॅमेरा फिरवत बसलेलो.

पण सांगायचंय ते वेगळंच. आमच्या बिल्डिंगची टेनिस बॉलची टीम आहे, दरवर्षी मे महिन्यात मैदानात टूर्नामेंट असते. मी असंच एका ग्रुपवर टाकलं की कोणी आमची जर्सी बनवेल का, फोटो जोडला, आणि विसरून गेलो. एका पोराने बनवून दिली. माझ्या नाव-नंबरासकट. तो पाकिस्तानातल्या फैसलाबादचा. त्याला भांडुप कुठे आहे माहीत नाही, मला फैसलाबाद माहीत नाही, पण तो विचारत होता की फोटोत कॉलरची पट्टी नीट दिसत नाही, निळी आहे का काळी. एवढं बारीक आमच्या टेलरने पण विचारलं नव्हतं. त्या दिवसापासून मी त्या ग्रुपला "ते लोक" म्हणणं बंद केलं, आता "आम्ही" म्हणतो. आता जो नवीन येतो त्याला पॅच कसा टाकायचा ते मी समजावतो, मला तेवढंच येतं, ते मी करतो.

तू घे रे.

हिरवा_सिग्नल, कल्याण

मी क्रिकेटवाली नाही, मी ओपनटीटीडीवाली. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, ट्रान्सपोर्ट टायकून डिलक्स नावाचा रेल्वे-बस चालवायचा १९९५ चा गेम होता, तो लोकांनी २००४ पासून स्वतः नव्याने लिहायला घेतला, तोच ओपनटीटीडी, आता सगळा कोड खुला आहे, फुकट मिळतो, गाड्यांचे सेट, स्टेशनं, नकाशे हे सगळं हौशी लोकांनी बनवलेलं.

दादा, तुम्ही विचारलंत छाती का भरून येते. मला वाटतं कारण तिथे तुम्हाला गेममधल्या कामावरून ओळखतात. मी कॉमर्सवाली, बँकेत आहे, आम्ही ऑनलाइन एकत्र खेळतो त्या सर्व्हरवर कोणाला त्याचं काही पडलेलं नाही, तिथे विचारतात की तुझ्या जंक्शनवर गाड्या का तुंबल्यात. सुरुवातीला मला पाथ सिग्नल आणि ब्लॉक सिग्नल (गेममधले रेल्वे सिग्नलचे दोन प्रकार) यांमधला फरक कळत नव्हता, नेदरलँड्सचा एक काका माझ्यासोबत रात्रभर बसला, एकेक सिग्नल काढून परत लावून दाखवला. कंटाळला नाही. आता ते मी दुसऱ्यांना शिकवते, आणि गेमच्या मराठी भाषांतरात जमेल तेवढ्या ओळी भरते कारण ते अपुरंच आहे.

आपल्या लेडीज डब्यातल्या ग्रुपसारखंच वाटतं मला हे. वर्षानुवर्षं एकत्र प्रवास, एकमेकींचं घर पाहिलेलं नसतं, पण एखादी दोन दिवस दिसली नाही तर फोन जातो. तुमच्या त्या मालाडच्या दादाने रोस्टरची फाइल तुमच्याकडे सोपवली याचा अर्थ तो तुम्हाला त्याच नजरेने बघतो.

परळ_पिक्सेल

वरचं सगळं पटलं, पण घ्यायच्या आधी दोन गोष्टी ऐक, मनापासून सांगतोय.

पहिली, यातलं काहीच कायद्याने आपलं नसतं. ऑगस्ट २०१६ आठव. मेट्रॉइड २ या जुन्या गेमचा फॅन रीमेक (चाहत्यांनी नव्याने बनवलेला) एएमटूआर आला, बनवायला दहा वर्षांच्या आसपास गेली होती, आणि रिलीज झाल्यावर लगेच निन्टेन्डोच्या (मूळ गेमची कंपनी) नोटिसा आल्या. त्याच महिन्यात पोकेमॉन युरेनियम हा फॅन गेम, नऊ वर्षांची मेहनत, १५ लाखांवर डाउनलोड, आणि लिंक काढावी लागली. उलट पण होतं, सिटी ऑफ हीरोज हा ऑनलाइन गेम २०१२ च्या नोव्हेंबरमध्ये बंद झाला, फॅन लोकांनी सर्व्हर चालवला आणि जानेवारी २०२४ मध्ये एनसीसॉफ्टने (मूळ गेमची कंपनी) होमकमिंग नावाच्या त्या फॅन सर्व्हरला चक्क लायसन्स दिलं. पण अकरा वर्षं थांबायची तयारी ठेवायला लागते. तरी एएमटूआरचं बघ, मूळ माणूस बाजूला झाल्यावर बाकीच्यांनी अपडेट चालू ठेवलेच. म्हणून माझं मत, ग्रुप एका माणसावर उभा नको.

दुसरी, क्रेडिट. माझी एक जर्सी कोणीतरी स्वतःच्या नावाने टाकली होती तेव्हा झोप लागली नव्हती. लोक म्हणतात फुकटच तर देतोस मग काय फरक पडतो. पडतो ना! पैसे नाहीत तिथे नाव हीच कमाई. तू रोस्टर घेशील तर रीडमीमध्ये (पॅचसोबतची माहितीची फाइल) प्रत्येकाचं नाव टाक, ज्याने एक ग्लोव्हज बनवला त्याचंपण, आणि मालाडच्या दादाचं सगळ्यात वर राहू दे, तो काम करो न करो.

बॅट_स्टिकरवाला, डोंबिवली

सगळ्यांचे आभार, यॉर्करभाऊ तुमचं फैसलाबादचं आईला वाचून दाखवलं, ती म्हणाली मग कर की.

घेतोय. पण एकटा नाही, पिक्सेलभाऊ म्हणाले तसं, ग्रुपमधल्या नाशिकच्या एका पोराला विचारलंय, बोलिंगचं सगळं तो बघेल, बॅटिंग मी, फाइल दोघांकडे राहील. दादाने रविवारी कॉलवर शिकवायचं कबूल केलंय, बाळ झोपलं तर. आणि कोणाकडे डोमेस्टिकच्या नवीन पोरांची माहिती असेल, विशेषतः कोण कुठल्या हाताने बोलिंग टाकतो, तर इथेच टाका, नाव रीडमीमध्ये येईल.