खंबाटकीत दम हवा, पण अ‍ॅव्हरेजही सोडवत नाही

प्रश्न: बाईक २०० सीसी, बीएस-६, एफआय (फ्युएल इंजेक्शन). दर शनिवारी पुणे-सातारा, वाटेत खंबाटकी घाट. एका गॅरेजवाल्याने ऑक्सिजन सेन्सरच्या (धुरातला ऑक्सिजन मोजणाऱ्या) वायरीत डबी जोडून दिली. "पिकअप बघा साहेब!" पिकअप आला खरा, पण अ‍ॅव्हरेज ४० वरून ३३, आणि प्लग काजळासारखा काळा. आता रिमॅप करू का, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरमधली पेट्रोलची सेटिंग बदलून घेऊ का?

उत्तर: आधी ती डबी काढा राव. एका वेगाने जाताना ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) सेन्सरचं ऐकून हवा-पेट्रोल १४.७ ला १ च्या आसपास ठेवतो. डबी त्याला पेट्रोल कमी पडतंय असं खोटं सांगते, मग तो पेट्रोल ओतत बसतो. जास्त जोर मिळतो १२.५-१३ ला १ वर, पण फुल थ्रॉटलला ईसीयू सेन्सरकडे बघतच नाही, मॅपप्रमाणेच (आत भरलेल्या तक्त्याप्रमाणे) जाड, म्हणजे जास्त पेट्रोलचं मिश्रण देतो. म्हणजे घाटात फायदा नाही, सपाटीवर भुर्दंड.

दुसरं उत्तर: रिमॅप डायनोवरच (गाडीची ताकद मोजणाऱ्या यंत्रावर) करा, सपाटीचा भाग जसाच्या तसा ठेवून. मी मात्र मागचं स्प्रॉकेट (चेनचं दातेरी चाक) दोन दात्यांनी मोठं टाकलं. घाटात सारखा गिअर पाडावा लागत नाही. हायवेला इंजिन जरा ओरडतं, चालायचंच.

प्रश्नकर्ता: डबी काढून फोडली. आत एक रेझिस्टर आणि भरपूर एम-सील. अठराशे रुपये!