लोकसंख्येतील प्रमाण आणि कमाईतील दरी

प्रश्न (निपाणी): अमेरिकेच्या ज्या शहरी भागांत कृष्णवर्णीयांचे प्रमाण अधिक, तिथे गोऱ्या-काळ्यांच्या कमाईतील तफावतही अधिक असते, असे अनेक अभ्यासक मांडतात. संख्येबरोबर बळ वाढायला हवे. मग उलटे का? आणि स्त्रियांचे काय?

उत्तर १ (बेळगाव): अमेरिकी समाजशास्त्रज्ञ ह्युबर्ट ब्लेलॉक यांनी १९६७ मध्ये मांडले, की अल्पसंख्याक वाढले की बहुसंख्याकांना स्पर्धेची धास्ती वाटते आणि भेदभाव बळावतो. शिवाय हलक्या कामांत एकाच गटाची गर्दी झाली, की त्या कामाचा दरही दबतो. स्त्रियांबाबत हेच घडते. तिथला १९६३ चा समान वेतन कायदा समान कामालाच लागू असल्याने, कामेच वेगळी वाटली गेल्यावर तो फारसा उपयोगी पडत नाही.

उत्तर २ (निपाणी): गर्दीचा मुद्दा मला अधिक पटतो. माझ्या आईने इथेच बिड्या वळल्या. मजुरी हजारी, म्हणजे दर हजार बिड्यांमागे; वळणाऱ्या साऱ्या बायका, तपासणारा मात्र पुरुष. त्याने छाट, म्हणजे नापास, म्हणून बाजूला काढलेल्या बिड्यांचे पैसे मिळत नसत. शेजारच्या कन्नड बाईलाही तोच दर होता, त्यामुळे भाषेवर खापर फोडता येत नाही.

प्रश्नकर्ता: तपासनिसाची मजुरीही हजारीच होती का?

उत्तर २: नाही, त्याला महिन्याचा पगार होता.