बापाविरुद्ध साक्ष देणारा मुलगा: ग्रीक बरोबर की चिनी?

ओसरीवरचा:
दोन गोष्टी सांगतो, मग भांडा. पहिली चीनमधली. शे नावाच्या मुलखाचा सरदार कन्फ्युशियसला (इ.स.पू. ५५१ ते ४७९) फुशारकीनं सांगतो, आमच्याकडे एक इतका सरळ माणूस आहे की बापानं मेंढी चोरली तर यानं स्वतः साक्ष दिली. कन्फ्युशियस म्हणतो, आमच्याकडचा सरळपणा वेगळा, बाप पोराला झाकतो, पोरगा बापाला झाकतो, त्यातच सरळपणा आला.
दुसरी अथेन्सची, इ.स.पू. ३९९. युथिफ्रो नावाचा इसम सख्ख्या बापावर खुनाचा खटला भरायला आलाय आणि तिथेच त्याला सॉक्रेटिस भेटतो, तो बिचारा स्वतःवरच्या केससाठी आलेला. भानगड अशी की नॅक्सॉसच्या शेतावर एका मजुरानं दारूच्या नशेत घरच्या गुलामाला मारलं, बापानं त्या मजुराला हातपाय बांधून खड्ड्यात टाकलं आणि आता याचं काय करायचं हे विचारायला अथेन्सला माणूस पाठवला, तो परत यायच्या आत मजूर उपासमारीनं आणि थंडीनं मेला.
माझं मत: ग्रीकांना न्याय आधी, चिन्यांना नातं आधी. म्हणून तिकडे लॉजिक आणि लोकशाही आली आणि इकडे 'घरातलं घरात'. मला ग्रीक पटतात.

कडूकारलं:
अहो ही युथिफ्रोची गोष्ट प्लेटोच्या ज्या संवादात आहे तो पुढे वाचलात का? युथिफ्रो हीरो नाहीये त्यात. घरचे त्याच्यावर भडकलेत, सॉक्रेटिस चाट पडून विचारतो की मेलेला तुझ्या नात्यातलाच असणार ना, परक्यासाठी कोण बापाला कोर्टात खेचतं! म्हणजे अथेन्समधला चारचौघांचा विचार कन्फ्युशियसच्या शेजारीच राहात होता. आणि तिथे सरकारी वकील हा प्रकारच नव्हता, खुनाचा खटला साधारणपणे मेलेल्याच्या नातेवाइकांनीच भरायचा. नात्याशिवाय कायदा हलत नव्हता तुमचा. राजाचा हुकूम मोडून भावावर माती टाकणारी, नाटकातली अँटिगनी पण ग्रीकच हो.

दुपारची_झोप:
कारल्याला +१. आणि 'चिनी' म्हणजे नुसता कन्फ्युशियस का? कन्फ्युशियसचा विरोधक मोझी म्हणत होता की सगळ्यांवर सारखं प्रेम करा, त्यावर कन्फ्युशियसच्या परंपरेतला मेन्सियस चिडून म्हणाला की हे म्हणजे बापाला बाप न मानणं. कडक कायद्याची बाजू घेणाऱ्या हान फेईनं तर हीच मेंढीची गोष्ट पुढे नेली. त्याच्यात मुलगा तक्रार करतो आणि मंत्री त्या मुलालाच मारायला सांगतो, कारण राजाशी सरळ पण बापाशी वाकडा. दुसरा एक जण तीनदा लढाईतून पळतो, घरी म्हातारा बाप आहे म्हणून, आणि कन्फ्युशियस त्याला बढती देतो. हान फेई म्हणतो बघा, बापाचा गुणी पोरगा म्हणजे राजाचा पळपुटा. इतकं टोकाचं भांडण एकाच देशात चाललेलं, आणि आपण एका ओळीत 'चिनी विचार' म्हणून मोकळे.

ओसरीवरचा:
बरं, हान फेई मान्य. पण त्याला न्याय कुठे हवाय, त्याला राजाचा दरारा हवाय. माझा मुद्दा असा की सॉक्रेटिस थांबून विचारतो, धर्माचरण म्हणजे नक्की काय, व्याख्या दे. कन्फ्युशियस व्याख्या मागत नाही, निकाल देतो.

दुपारची_झोप:
व्याख्या मोझीच्या शिष्यांनी केल्या की ढिगानं, वर्तुळ म्हणजे एक मध्य आणि सगळीकडे सारखं अंतर, इथपर्यंत. आणि सॉक्रेटिसच्या व्याख्येचं पुढे काय झालं? युथिफ्रो 'मला घाई आहे' म्हणून सटकला, संवाद संपला, उत्तर नाही. चीनमध्ये निदान बापाला झाकण्याच्या विचारातून कायदा झाला. इ.स.पू. ६६ मध्ये हान घराण्याच्या सम्राटानं फर्मान काढलं की आईबापाला लपवणाऱ्या मुलाला शिक्षा नाही. पुढे तांग घराण्याच्या काळात (इ.स. ६५३ ची कायदेसंहिता) तर उलटं टोक, राजद्रोहासारखे अपवाद सोडले तर आईबापाची तक्रार करणाऱ्यालाच फाशी.

सांजवात:
सगळे बापावर बोलताय. ज्याची मेंढी गेली त्याचं काय? मला युथिफ्रोचं एक वाक्य जाम आवडतं, भले माणूस आगाऊ असेल: मेलेला परका की नात्यातला याने फरक पडतो असं तुला वाटणंच हास्यास्पद आहे, बघायचं एवढंच की मारणाऱ्यानं न्यायानं मारलं का. असं मेंढीच्या गोष्टीत कोणी बोलत नाही.

कडूकारलं:
मेन्सियस बोलतो की. त्याला विचारलं, दंतकथेतल्या आदर्श सम्राट शुनच्या बापानं खून केला असता तर? म्हणाला, न्यायाधीश बापाला पकडणार, शुन त्याला अडवू शकत नाही. मग? मग शुन झिजलेली चप्पल टाकावी तसं राज्य टाकेल, बापाला गुपचूप पाठीवर घेऊन समुद्रकिनारी पळेल आणि तिथे जन्मभर आनंदात राहील. कायदाही राहिला, बापही वाचला. मला तरी यापेक्षा भारी उत्तर कुठे दिसलं नाही.

सांजवात:
वा! खुनी समुद्रकिनारी मजेत. आणि ज्याला मारलं त्याचं नाव?

कडूकारलं:
नाव नाहीये दिलेलं.

ओसरीवरचा:
आत्ता परत चाळून आलो. नॅक्सॉसच्या मजुराचं नाव प्लेटोनेही दिलेलं नाही.