कुत्र्याला फिरवताना मधमाशी किंवा गांधीलमाशी चावली तर : सोसायटी ग्रुपवरील चर्चा

सचिव : सर्व सभासदांस नमस्कार. मागच्या फाटकाजवळच्या कुंपणात गांधीलमाश्यांनी घर केल्याचे माळीकाकांनी आज सकाळी कळवले आहे. ते काढण्यासाठी माहीतगार माणसाला बोलावले आहे. तोपर्यंत कुत्र्यांना फिरवणाऱ्यांनी त्या बाजूने जाऊ नये आणि धूर करून किंवा पाण्याचा फवारा मारून ते घर स्वतः हलवण्याचा प्रयत्न कोणीही करू नये, ही विनंती.

बी-३०४ : धन्यवाद, सचिव साहेब. आमच्या टायगरने काल संध्याकाळी तिथेच झुडपात तोंड घातले आणि तो केकाटत बाहेर आला. थोड्याच वेळात त्याचा ओठ आणि डोळ्यांभोवतीचा भाग इतका सुजला की चेहरा ओळखू येईना. दवाखान्यात इंजेक्शन दिल्यावर सूज ओसरली आणि आता तो ठीक आहे, परंतु तिथे पोहोचेपर्यंत नेमके काय पाहायचे आणि काय करायचे, हे आम्हाला सुचत नव्हते. डॉक्टर ताई, आपण पशुवैद्य आहात म्हणून विचारते, अशा वेळी किती घाबरावे?

डी-६०१ (पशुवैद्य) : टायगर बरा आहे हे वाचून बरे वाटले. चेहऱ्याची सूज पाहून कोणीही घाबरेल, पण ती सूज आणि अंगावर उठलेल्या गांधी या बहुतेक वेळा औषधाने आटोक्यात येतात. अपवाद तोंडाच्या आत किंवा घशाशी झालेल्या डंखाचा, कारण तिथली सूज श्वासाची वाट अडवू शकते. उडती माशी तोंडात पकडण्याची सवय असलेल्या कुत्र्यांच्या बाबतीत हे विशेष लक्षात ठेवावे. श्वास घेताना घरघर किंवा शिटीसारखा आवाज येऊ लागला, तर वाट पाहू नये.

मला अधिक काळजी वाटते ती ज्या कुत्र्याचा चेहरा अजिबात सुजलेला नाही, पण जो डंखानंतर काही मिनिटांतच ओकू लागतो, त्याची. तीव्र अ‍ॅलर्जीचा झटका, म्हणजे अ‍ॅनाफिलॅक्सिस, कुत्र्यांमध्ये मुख्यतः यकृत आणि आतड्यांवर येतो. यकृतातून बाहेर पडणाऱ्या रक्ताची वाट आकसते, रक्त पोटातच तुंबते आणि रक्तदाब झपाट्याने खाली येतो. म्हणून अचानक उलटी, पातळ आणि कधी रक्तमिश्रित शी, नकळत झालेली लघवी, मागचे पाय लटपटणे आणि मग आडवे पडणे, अशा क्रमाने ते दिसते. ‘काहीतरी अरबट-चरबट खाल्ले असेल’ असे समजून मालक घरी थांबतात आणि हातातली मोलाची मिनिटे निघून जातात. डंखानंतर उलटी किंवा जुलाब झाला, तर चेहरा सुजलेला असो वा नसो, तत्काळ निघावे.

सी-२०५ : ताई, रक्तदाब कमी झाला आहे हे घरच्या माणसाला कसे समजणार?

डी-६०१ (पशुवैद्य) : हिरड्या पाहून. निरोगी कुत्र्याच्या हिरड्या गुलाबी आणि ओलसर असतात. बोटाने दाबल्यावर ती जागा पांढरी पडते आणि बोट काढल्यावर साधारण २ सेकंदांच्या आत पुन्हा गुलाबी होते. रंग परतायला त्याहून जास्त वेळ लागला, किंवा हिरड्या मुळातच फिक्या, राखाडी अथवा निळसर दिसल्या, तर रक्ताभिसरण बिघडले आहे असे समजावे. काही कुत्र्यांच्या हिरड्या जन्मतःच काळ्या असतात. त्यांच्या खालच्या पापणीची आतली बाजू पाहावी. हे सगळे कुत्रा धडधाकट असताना करून पाहिलेले असावे, कारण आपल्या कुत्र्याचा नेहमीचा रंग ठाऊक नसेल, तर बदललेला रंग ओळखता येत नाही. ओठ वर करू देण्याची त्याला सवयही होते, हा वेगळा फायदा.

ए-१०२ : आमच्या घरी अ‍ॅलर्जीच्या गोळ्या कायम असतात. निघण्यापूर्वी एक गोळी दिली तर हरकत आहे का? शिवाय डंखावर खाण्याचा सोडा लावावा आणि काटा चिमट्याने न ओढता खरवडूनच काढावा, असे ऐकून आहे.

डी-६०१ (पशुवैद्य) : काका, तीन वेगळे प्रश्न आहेत. काट्याबद्दल आधी सांगते. मधमाशीच्या काट्याला उलटे दाते असतात, त्यामुळे तो विषाच्या पिशवीसह कातडीतच राहतो आणि माशी उडून गेल्यावरही विष आत ढकलत राहतो. तो खरवडून काढला की चिमटीत धरून ओढला, यापेक्षा किती लवकर काढला याला महत्त्व आहे. १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात हेच दिसून आले होते, तरीही काटा खरवडण्यासाठी कार्ड शोधत बसण्याचा सल्ला अजून फिरत असतो. गांधीलमाशीचा काटा गुळगुळीत असल्यामुळे सहसा मागे राहत नाही, पण त्याच कारणाने ती पुन्हा पुन्हा डंख मारू शकते. सोड्याने अपाय नाही, पण विष कातडीच्या आत गेलेले असते आणि वरून लावलेला सोडा तिथे पोहोचत नाही. कापडात गुंडाळलेला बर्फ सुमारे १० मिनिटे धरल्याने वेदना आणि सूज खरोखर कमी होते.

गोळीबाबत मात्र माझे मत कडक आहे. अशा गोळ्या गांधी आणि खाज यांवर हळूहळू काम करतात, कोसळलेला रक्तदाब त्या सावरत नाहीत. त्यासाठी दवाखान्यातील, रक्तदाब वर आणणारे अ‍ॅड्रेनॅलिन आणि शिरेतून दिलेले द्रव लागतात. माणसांच्या सर्दी-अ‍ॅलर्जीच्या औषधांत पुष्कळदा पॅरासिटामॉल किंवा चोंदलेले नाक मोकळे करणारे स्यूडोएफेड्रिन मिसळलेले असते आणि साखरविरहित पातळ औषधांत साखरेऐवजी वापरले जाणारे झायलिटॉल असू शकते. हे तिन्ही घटक कुत्र्याला घातक ठरू शकतात. आयब्युप्रोफेन हे वेदनाशामकही कधीच देऊ नये. गोळी घरी ठेवायचीच असेल, तर आपल्या पशुवैद्याकडून औषधाचे नाव आणि कुत्र्याच्या वजनानुसार मात्रा आधीच लिहून घ्यावी, आणि ओकणाऱ्या किंवा तोंड सुजलेल्या कुत्र्याच्या तोंडात काहीही घालू नये.

बी-३०४ : काल टायगर कळवळून चावायला येत होता, म्हणून यांनी त्याचे तोंड ओढणीने बांधले होते.

डी-६०१ (पशुवैद्य) : वेदनेत स्वतःचा कुत्राही चावतो, तेव्हा ती भीती रास्त आहे. पण तोंड सुजत असताना किंवा ओकारी येत असताना ते बांधल्यास तो गुदमरू शकतो. अंगावर जाड टॉवेल टाकून त्याला मागून धरणे अधिक सुरक्षित असते. गळ्यातला पट्टाही लगेच काढावा, कारण मान सुजली की तोच पट्टा आवळत जातो.

सी-२०५ : एकाच वेळी पुष्कळ मधमाश्या मागे लागल्या तर?

डी-६०१ (पशुवैद्य) : तिथे उभे राहून काटे काढत बसायचे नाही. डंखाबरोबर जो गंध सुटतो तो इतर माश्यांना त्याच जागेकडे बोलावतो, म्हणून दोघांनी धावत जाऊन बंद खोली किंवा गाडी गाठावी. हात झाडू नयेत, पाण्यात उडी मारू नये आणि कुत्र्याला झाडाला किंवा खांबाला बांधून मदतीसाठी जाऊ नये. बांधलेल्या कुत्र्याला पळता येत नाही. दाट केसांत अडकलेल्या माश्या आत आल्यावरही डंख मारतात, त्या ब्रशने किंवा ओल्या टॉवेलने काढाव्यात.

इतके डंख झाल्यावर अ‍ॅलर्जी नसलेल्या कुत्र्यालाही विषाच्या एकूण प्रमाणामुळेच धोका असतो. तांबड्या रक्तपेशी फुटतात, स्नायूंना इजा होते आणि त्याचा भार मूत्रपिंडांवर येतो. हे लगेच दिसतेच असे नाही. त्यामुळे कुत्रा वरवर बरा दिसला तरी तपासून घ्यावा आणि पुढचे दोन-तीन दिवस लघवीचा रंग पाहावा. ती लालसर किंवा गडद तपकिरी झाली, तर पुन्हा दवाखाना.

ए-४०३ : मला स्वतःला मधमाशीची अ‍ॅलर्जी आहे आणि मी अ‍ॅड्रेनॅलिनचे पेन, म्हणजे स्वतःला टोचून घेण्याचे तयार इंजेक्शन, बाळगते. प्रसंगी ते कुत्रीला देता येईल का?

डी-६०१ (पशुवैद्य) : मोठ्या माणसासाठीच्या पेनमध्ये साधारणपणे ०.३ मिलिग्रॅमची ठरीव मात्रा असते आणि लहान कुत्र्यासाठी ती फार होते. पशुवैद्याने फोनवर स्पष्ट सांगितल्याशिवाय देऊ नये. माश्या दोघींनाही चावू शकतात, आणि ते पेन आपल्यासाठी आहे. ते कुत्रीच्या पिशवीत नको, आपल्या खिशात असावे. आपल्याला त्रास सुरू झाला, तर पेन आधी स्वतःला टोचून घ्यावे, मदतीसाठी फोन करावा आणि आडवे पडावे. कुत्री सुटून गेली तरी तिच्या मागे धावू नये.

बी-३०४ : शेवटची शंका. टायगरचे वजन ३२ किलो आहे. तो आडवा पडला तर एकटीने गाडीपर्यंत कसे न्यायचे?

डी-६०१ (पशुवैद्य) : चालवत नेऊ नये, कारण श्रमाने रक्तदाब आणखी ढासळतो. जाड चादरीवर सरकवून दोघांनी चार टोके धरावीत. गाडीत कुशीवर झोपवून मान सरळ ठेवावी आणि निघताच दवाखान्याला फोन करावा, म्हणजे तिथे तयारी होते. रात्री कोणता दवाखाना उघडा असतो, हे मात्र आजच विचारून ठेवावे.

ए-१०२ : दुसरा माणूस लागेल तेव्हा मला बोलवा. रात्री आमची गाडी खालीच असते आणि माझी झोप तशीही सावध आहे.

सचिव : आभारी आहे, काका. रात्री उघड्या असणाऱ्या दवाखान्याचा क्रमांक आज संध्याकाळपर्यंत पहारेकऱ्याच्या चौकीत लावतो. एक जाड चादरही तिथे ठेवतो.