उपकक्षीय उड्डाणाचे संमतिपत्र: सही करण्यापूर्वी काय तपासावे?

आकाशवेडा (धागाकर्ता): अमेरिकेतील एका कंपनीच्या उपकक्षीय (अंतराळाच्या कडेपर्यंत जाऊन, पृथ्वीभोवती फेरी न मारता परतणाऱ्या) उड्डाणासाठी मी अनामत भरून जागा राखून ठेवली असून आता करार आणि संमतिपत्र हाती आले आहे. वकिलासाठी एका तासापुरतेच पैसे उरले आहेत. तो तास कोणत्या कलमांवर खर्च करावा?

कलमबहाद्दर: एका तासात काहीही होत नाही. मी दोन वकील नेमले होते, एक करारासाठी आणि एक विम्यासाठी, आणि त्याचा मला आजही पश्चात्ताप नाही. कायद्याच्या लेखी तुम्ही 'प्रवासी' नसून 'अंतराळ उड्डाण सहभागी' आहात, हे आधी ध्यानात घ्या. विमानाला एफएए (अमेरिकेची नागरी हवाई वाहतूक नियामक संस्था) सुरक्षिततेचे प्रमाणपत्र देते; या यानाला मात्र केवळ उड्डाणाचा परवाना मिळतो आणि तो देताना मुख्यतः त्रयस्थांचे जीवित व मालमत्ता पाहिली जाते. सरकारने हे यान माणसे नेण्यास सुरक्षित म्हणून प्रमाणित केलेले नाही, असे कंपनीने तुम्हाला लेखी कळवावेच लागते.

जुना_वैमानिक: यामागचे कारणही सांगायला हवे होते. यानातील माणसांच्या सुरक्षेसाठी नियम करण्यावर २००४ च्या कायद्याने आठ वर्षांची मर्यादा घातली. उद्योग बाल्यावस्थेत आहे, या सबबीखाली ती वाढत वाढत १ जानेवारी २०२८ पर्यंत आली आहे. २०१४ मध्ये कॅलिफोर्नियातील मोहावी वाळवंटावर स्पेसशिपटू हे असेच उपकक्षीय यान चाचणीत तुटून सहवैमानिक दगावला, तरीही ती उठली नाही. मी अनामत परत घेतली, तुम्हीही घ्या.

शंभर_किमी: मुळात हे यान १०० किलोमीटरवर, म्हणजे अंतराळाची सीमा मानल्या जाणाऱ्या उंचीवर जाते का? ८० वरून परतणाऱ्याने अंतराळाचे नाव घेऊ नये.

जुना_वैमानिक: परवाना उंचीवर ठरतच नाही. रॉकेट इंजिनाच्या शक्तीवर चाललेल्या चढणीच्या बहुतांश काळात यानाचा रेटा पंखांच्या उचलीपेक्षा अधिक असावा, अशी उपकक्षीय रॉकेटची व्याख्या आहे. तुमचा प्रश्न अंतराळवीर म्हणवून घेण्याच्या बिल्ल्याचा आहे, आणि एफएएने अंतराळवीरांना बिल्ले देणेही २०२१ अखेर थांबवले.

विमाग्रस्त: माझे ऐका, कारण मी पोळलो आहे. माझ्या आयुर्विम्यात अशी उड्डाणे वगळलेली होती आणि ते मला सही झाल्यावर कळले. कायद्याने कंपनीला घ्यावा लागणारा विमा त्रयस्थांच्या व सरकारी मालमत्तेच्या नुकसानीसाठी असतो, तुमच्या मोडलेल्या हाडांसाठी नव्हे. शिवाय सरकारविरुद्धचे दावे तुम्ही सहीनिशी सोडून देता. तेव्हा वेगळी पॉलिसी घ्या, कितीही महाग पडली तरी.

नवखा_७: मुख्य मुद्दा असा की आपण प्रवासी नसून सहभागी असतो.

कलमबहाद्दर: हे मी वर लिहिलेच आहे.

प्रशिक्षणार्थी: फुकटची गोष्ट कोणीच सांगितली नाही. उड्डाणापूर्वी तोंडी प्रश्न विचारण्याची संधी देणे कंपनीवर बंधनकारक आहे, तसेच यानाचा सुरक्षा-इतिहासही तिने सांगावा लागतो. धूर, आग व केबिनमधील दाब कमी होणे यांचे प्रशिक्षणही नियमातच आहे. मी अकरा प्रश्न लिहून नेले होते. नवव्या प्रश्नाला समोरचे गृहस्थ थोडे चिडले, पण उत्तर मिळाले.

आकाशवेडा: सर्वांचे आभार. अनामत परत घेणार नाही, वेगळी पॉलिसीही परवडणार नाही. प्रश्न मी स्वतःच विचारेन आणि सहीही करेन. वकिलाचा तो एक तास मृत्युपत्र करण्यासाठी ठेवला आहे.